अंबा, ताहिनी आणि पिटा: इस्रायली खाऊ घरी करण्याची सविस्तर रीत

तेल अवीव किंवा रमत गन येथे साबिखच्या, म्हणजे तळलेले वांगे आणि अंडे भरलेल्या पिटाच्या, दुकानासमोर उभे राहिले, की हातात पिटा (खिशासारखी पोकळ रोटी) घेतलेला विक्रेता ती भरता भरता दोन प्रश्न विचारतो: ‘खारिफ?’ आणि ‘अंबा?’ पहिल्याचा अर्थ ‘तिखट हवे का’ असा आहे. दुसऱ्या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला विचारावा लागत नाही. मात्र डब्यातून ओतला जाणारा पिवळाधमक, मेथीच्या वासाचा सैल पदार्थ पाहून तो क्षणभर चक्रावतो, कारण हा आंबा नव्हे, तर कैरीच्या लोणच्याचे ओतता येईल असे रूप असते.

इस्रायली खाऊची गंमत या ओतण्याच्या पदार्थांत आहे. फलाफल (काबुली चण्याचे तळलेले गोळे), वांग्याचे काप, उकडलेले अंडे किंवा काबुली चणे हे मूळ जिन्नस साधे आणि स्वस्त आहेत. त्यांना चव येते ती ताहिनी (तिळाची पेस्ट), अंबा आणि स्खुग (हिरव्या मिरचीची चटणी) या तीन गोष्टींमुळे. या तिन्ही आधी नीट करून ठेवल्या, तर उरलेले काम जुळवाजुळवीचे राहते. त्या बाजारातून कशातरी आणल्या, तर फलाफल कितीही कुरकुरीत झाले तरी जेवण कोरडे लागते. म्हणून या लेखातील क्रमही तसाच ठेवला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. हुमूस (शिजवलेल्या काबुली चण्यांचे वाटण) आणि फलाफल हे पॅलेस्टाइन, लेबनॉन, सीरिया आणि इजिप्त येथील अरब स्वयंपाकघरांतले जुने पदार्थ आहेत, साबिख इराकी ज्यूंचा, स्खुग येमेनी ज्यूंचा, आणि बुरेकास (सारण भरलेली खारी पेस्ट्री) तुर्कस्तान, बल्गेरिया व ग्रीस येथून आलेल्या ज्यूंचा. इस्रायली खाऊ म्हणून आज जे ओळखले जाते, ते १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतरच्या काही दशकांत एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी आलेले हे सगळे आहे.

कामाची आखणी

रविवारी दुपारी चार माणसांना खायला घालायचे असेल, तर शुक्रवारी रात्री कैरीला मीठ लावून ठेवावे. शनिवारी अंबा शिजवावा, ताहिनीची पेस्ट वाटावी आणि स्खुग करून फ्रीजमध्ये ठेवावा. त्याच रात्री काबुली चणे भिजत घालावेत. रविवारी सकाळी पिटाची कणीक भिजवावी, ती फुगेपर्यंत अंडी, बटाटे आणि सॅलड आटोपावे, आणि तळण अगदी शेवटी ठेवावे. पहिल्याच प्रयत्नात साबिख आणि फलाफल दोन्ही करण्याचा हट्ट धरू नये. माझे मत विचाराल, तर आधी साबिख करावा. त्यात चुकण्यासारखे कमी आणि चवीला मिळणारे जास्त आहे.

अंबा

घट्ट आणि आंबट अशा ५०० ग्रॅम कैऱ्या सोलून त्यांच्या साधारण एक सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. त्यांना दीड मोठा चमचा मीठ चोळून काचेच्या बरणीत रात्रभर, जमल्यास पूर्ण २४ तास, झाकून ठेवाव्यात. सुटलेले पाणी टाकून देऊ नये. ते वेगळे काढून ठेवावे आणि शेवटी चव पाहून लागेल तेवढेच घालावे, कारण त्यात मीठ बरेच उतरलेले असते.

दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे बिनवासाचे तेल कोमट करून गॅस अगदी मंद ठेवावा. त्यात एक मोठा चमचा मोहरीची डाळ, एक लहान चमचा मेथीची पूड, दीड लहान चमचा हळद आणि प्रत्येकी एक लहान चमचा लाल तिखट व जिरेपूड घालून अर्धा मिनिट परतावे. तेल कडकडीत तापवून फोडणी करण्याची आपली सवय येथे आवरावी लागते. मेथी जळली, की सगळा अंबा कडू होतो आणि साखर घालूनही तो सुधारत नाही. लगेच कैरीच्या फोडी, एक कप पाणी, दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि एक लहान चमचा साखर घालून पंधरा मिनिटे शिजवावे. फोडी मऊ झाल्या, की निम्मे मिश्रण मिक्सरमध्ये फिरवून परत पातेल्यात ओतावे. अंबा चमच्यातून सैलसर पिठल्यासारखा पडला पाहिजे. घट्ट वाटल्यास पाणी घालावे. थंड झाल्यावर तो आणखी घट्ट होतो हे लक्षात ठेवावे. एक दिवस मुरल्यावर चव जमते.

हा शब्द कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल या मराठी ज्यू लोकांनी तिकडे नेला असावा, असे आपल्याला सहज वाटते. बेने इस्रायलांची मराठी आजही अश्दोद, लोद, दिमोना आणि बेरशेबा येथील घरांत ऐकू येते आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवले, हे खरे असले तरी अंब्याची वाट वेगळी आहे. तो आधी मुंबईहून बगदादला गेला. बगदादच्या ज्यू व्यापाऱ्यांची मुंबईत मोठी ये-जा होती आणि त्यांच्यापैकीच डेव्हिड ससून १८३०च्या दशकात मुंबईत स्थायिक झाले. ससून घराण्याने लोणच्याची पिंपे बगदादला पाठवली, अशी एक कथा आवडीने सांगितली जाते. कथा सोडली तरी नाव आणि मसाले त्या व्यापाराची साक्ष देतात. पुढे १९५० आणि १९५१ या दोन वर्षांत सुमारे सव्वा लाख इराकी ज्यू विमानाने इस्रायलमध्ये आणले गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर अंबाही गेला. अर्थात मेथीचा वास खाल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशीही घामाला येतो, ही तक्रार इस्रायलमध्येही सर्रास ऐकू येते.

ताहिनी

इस्रायलमध्ये हिला ‘तहिना’ म्हणतात. कच्ची ताहिनी म्हणजे सालपट काढलेल्या तिळाची वाटून केलेली वाहती पेस्ट. २५० ग्रॅम पांढरे पॉलिश तीळ मंद आचेवर चार-पाच मिनिटे सतत हलवत गरम करावेत. तिळगुळासाठी भाजतो तसे ते तांबूस करायचे नाहीत. रंग बदलायच्या आत गॅस बंद करावा, नाहीतर पेस्ट कडवट आणि काळपट होते. तीळ कोमट झाल्यावर मिक्सरच्या लहान भांड्यात घालावेत. सुरुवातीला कोरडे कूट होईल, मग ते कडेला चिकटेल. अशा वेळी मिक्सर थांबवून कडा खरवडाव्यात आणि थोडे थोडे करून चार ते पाच मोठे चमचे बिनवासाचे तेल घालत पाच-सात मिनिटे वाटावे. मोटार तापते, म्हणून मध्ये विश्रांती द्यावी. चमचा उचलल्यावर पेस्टची अखंड धार पडली, की ती झाली.

या पेस्टपासून सॉस करताना जे घडते ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला घाबरवते. अर्धा कप कच्ची ताहिनी वाडग्यात घेऊन त्यात ठेचलेली एक लसूण पाकळी, अर्धा लहान चमचा मीठ आणि तीन मोठे चमचे लिंबाचा रस घालून ढवळावे. क्षणात पेस्ट फाटल्यासारखी दिसते, आकसते, आणि ओल्या मातीसारखा घट्ट तपकिरी गोळा चमच्याला धरून फिरू लागतो. बिघडले असे समजून येथे तेल घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. बर्फाचे पाणी एकेक चमचा घालून जोराने फेटत राहावे. चौथ्या-पाचव्या चमच्यानंतर गोळा सैलावतो, आणि त्याच वेळी रंग तपकिरीवरून जवळजवळ पांढरा होतो. पाणी थोडे असते तेव्हा तेलात तरंगणारे तिळाचे कण ते शोषून एकमेकांना चिकटतात. पाणी पुरेसे झाले, की उलट तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरतात आणि मिश्रण मऊ, फिकट होते. एकूण सहा ते आठ चमचे पाणी लागते. पिटात घालायची ताहिनी पातळ दह्याइतकी सैल असावी. ताटात पसरून खायची असेल, तर थोडी दाट ठेवावी.

स्खुग

येमेनहून १९४९ आणि १९५० या वर्षांत सुमारे ४९ हजार ज्यू विमानाने इस्रायलमध्ये आले आणि त्यांच्या घरची ही हिरवी चटणी सगळ्या देशाची झाली. १०० ग्रॅम हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची एक मोठी जुडी कोवळ्या देठांसकट, सहा लसूण पाकळ्या, एक लहान चमचा जिरे, अर्धा लहान चमचा मिरे, चार वेलदोड्यांचे दाणे आणि एक लहान चमचा मीठ हे पाणी न घालता भरड वाटावे. कोथिंबीर धुऊन पूर्ण कोरडी केलेली असावी. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस आणि तीन मोठे चमचे ऑलिव्ह किंवा बिनवासाचे तेल मिसळावे. हे सगळे आपल्या हिरव्या चटणीच्या इतके जवळचे आहे, की वेलदोडा गाळावा असे वाटते. तो गाळला, तर स्खुग उरत नाही.

पिटा

दुकानातील पिटा ब्रेड बहुधा पातळ आणि कोरडा असतो. भरायला घेतला, की तळाशी फाटतो. घरी करणे फार अवघड नाही. ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम मीठ एकत्र करून त्यात ३२० मिलिलिटर कोमट पाणी आणि दीड मोठा चमचा तेल घालावे. दहा मिनिटे चांगले मळावे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि हाताला किंचित चिकटणारे असते. ते सोपे जावे म्हणून आणखी मैदा घातला, तर पिटा कडक होते. झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवावे. मुंबईच्या उन्हाळ्यात त्याला पाऊण तास पुरतो, पुण्याच्या थंडीत दीड तासही लागतो.

पिठाचे आठ गोळे करून दहा मिनिटे झाकून ठेवावेत. प्रत्येक गोळा साधारण सहा मिलिमीटर जाडीचा, तळहाताएवढा गोल लाटावा आणि पुन्हा पंधरा मिनिटे झाकून विसावू द्यावा. ओव्हन असेल, तर त्यात लोखंडी तवा किंवा जाड पत्रा उलटा ठेवून २५० अंश सेल्सिअसवर किमान अर्धा तास तापवावे आणि पिटा त्यावर तीन-चार मिनिटे भाजावी. ओव्हन नसेल, तर गॅसवरच्या जाड लोखंडी तव्यावर पहिली बाजू अर्धा मिनिट, दुसरी दीड मिनिट ठेवून पुन्हा उलटावी व झाकण ठेवावे. पिटाचा खिसा आतल्या वाफेने तयार होतो. लाटताना कड चिरडली गेली, पृष्ठभाग फाटला किंवा तवा पुरेसा तापलेला नसला, तर वाफ निसटते आणि पिटा सपाट राहते. अशा सपाट पिटाचे तुकडे हुमूसबरोबर खावेत. ते वाया जात नाही. भाजलेल्या पिटा लगेच जाड पंचात गुंडाळाव्यात, म्हणजे मऊ राहतात.

साबिख

ज्यू धर्मात शनिवार विश्रांतीचा. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. याच नियमाने शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलांना कोकणात ‘शनवार तेली’ हे नाव मिळाले होते. बगदादच्या घरांत याच नियमामुळे शुक्रवारीच वांग्याचे काप तळून ठेवत, आणि रात्रभर मंद आचेवर राहिलेल्या हंडीतील तपकिरी झालेली अंडी शनिवारी सकाळी त्यांच्याबरोबर खात. इस्रायलमध्ये आल्यावर रमत गनच्या इराकी वस्तीत हा घरगुती नाश्ता पिटात शिरला आणि रस्त्यावर विकला जाऊ लागला. नाव अरबीतील ‘सबाह’ म्हणजे सकाळ यावरून आले असे काही मानतात, तर काही जण ते पहिल्या विक्रेत्याच्या नावाशी जोडतात.

चार पिटांसाठी भरताचे एक मोठे वांगे घ्यावे. त्याचे एक सेंटिमीटर जाडीचे काप करून दोन्ही बाजूंना मीठ लावावे आणि अर्धा तास चाळणीत ठेवावेत. सुटलेले पाणी स्वच्छ फडक्याने दाबून टिपावे. वांग्याच्या कापांना आपण तांदळाचे पीठ किंवा रवा लावतो. येथे काहीही लावायचे नाही, कारण काप पिटात मऊ लोण्यासारखा दबला पाहिजे. भरपूर गरम तेलात ते गडद तपकिरी होईपर्यंत तळावेत. फिकट पिवळ्या रंगावर काढलेले वांगे आत चिवट राहते आणि पुष्कळ लोकांचा साबिख येथेच फसतो. तेल कमी हवे असल्यास कापांना तेल माखून २२० अंशांवर अर्धा तास भाजावे. चव थोडी उतरते, पण पदार्थ टिकतो.

अंड्यांसाठी मूळ पद्धत अशी, की चार अंडी, मूठभर कांद्याच्या सुक्या साली आणि एक चमचा चहापूड पाण्यात घालून अगदी मंद आचेवर पाच-सहा तास ठेवायची आणि पाणी आटू द्यायचे नाही. पांढरा भाग त्यामुळे फिकट तपकिरी आणि खमंग होतो. एवढा गॅस जाळायचा नसेल, तर दहा मिनिटे उकडलेले साधे अंडे चालते. याशिवाय एक उकडलेला बटाटा चकत्या करून घ्यावा. काकडी, टोमॅटो आणि थोडा कांदा अगदी बारीक, वाटाण्याएवढा, चिरून त्यावर लिंबू, मीठ आणि ऑलिव्ह तेल घालावे. कोशिंबिरीसारखे दिसले तरी त्यात दही, कूट किंवा साखर येत नाही. भरीला उभी चिरलेली कोबी आणि मिठाच्या पाण्यातली काकडी असावी.

भरण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पिटाचा वरचा कड कापून तिच्या आतून आधी ताहिनी फिरवावी, मग वांगे, बटाटा, चकत्या केलेले अंडे, सॅलड आणि कोबी घालावी, मध्येच एकदा पुन्हा ताहिनी आणि सगळ्यात वर अंबा व स्खुग. सॅलड तळाशी घातले, तर त्याच्या पाण्याने पिटा तिसऱ्या घासाला फुटते. अंबा प्रत्येकाने स्वतः ओतून घ्यावा आणि पांढरे कपडे घालून बसू नये. हळदीचा डाग ताहिनीच्या तेलाबरोबर पक्का बसतो.

फलाफल

फलाफलचा एकच अटळ नियम आहे: चणे शिजवायचे नाहीत. मी पहिल्यांदा छोल्यांसारखे कुकरला लावून केलेले फलाफल कढईत सोडले, तेव्हा पहिले चार गोळे डोळ्यांदेखत उमलले, तेलावर फेस चढला आणि झाऱ्याला फक्त चिखल लागला. शिजलेल्या चण्यातील पिष्ट आधीच पाणी पिऊन फुगलेले असते, त्यामुळे तेलात गोळा धरून ठेवायला काही उरत नाही. भिजवलेल्या कच्च्या चण्यातील पिष्ट मात्र तळताना शिजते आणि गोळा बांधते. डाळवडा ज्या तत्त्वावर जमतो, तेच हे तत्त्व आहे.

२५० ग्रॅम काबुली चणे भरपूर पाण्यात बारा ते अठरा तास भिजवावेत. नंतर चाळणीत अर्धा तास निथळून फडक्यावर पसरून कोरडे करावेत. एक मध्यम कांदा, चार लसूण पाकळ्या, दोन मुठी कोथिंबीर व मिळाल्यास पार्सली, प्रत्येकी दीड लहान चमचा धणेपूड आणि जिरेपूड, एक हिरवी मिरची आणि सव्वा लहान चमचा मीठ यांच्यासह चणे मिक्सरमध्ये थांबत थांबत वाटावेत. पाण्याचा थेंबही घालू नये. मिश्रण जाड रव्याएवढे राहिले पाहिजे. मुठीत दाबल्यावर गोळा होतो आणि बोटाने टोचल्यावर मोडतो, ही खूण. फारच भरड असेल तर ते सुटते, गंधासारखे बारीक झाले तर फलाफल आतून चिकट होते. एक तास फ्रीजमध्ये ठेवावे. तळायच्या अगदी आधी अर्धा लहान चमचा खायचा सोडा आणि एक मोठा चमचा तीळ मिसळावेत.

लिंबाएवढे गोळे हलक्या हाताने करावेत. तेल साधारण १७५ अंश तापलेले असावे. थर्मामीटर नसल्यास मिश्रणाचा कण टाकून पाहावा, तो तळाशी न थांबता लगेच बुडबुड्यांसह वर यावा. आधी एकच गोळा तळावा. तो सुटला तर दोन मोठे चमचे बेसन मिसळावे. ही मूळ रीत नसली तरी कढईभर तेल वाचते. पाच-सहा गोळे एका वेळी, तीन ते चार मिनिटे, गडद सोनेरी होईपर्यंत तळावेत. मोडल्यावर आतला भाग हिरवा आणि भुसभुशीत दिसला पाहिजे. पिटात चार-पाच फलाफल, बारीक सॅलड, कोबी, थोड्या बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि ताहिनी एवढे पुरते.

हुमूस

येथे मात्र चणे पूर्ण शिजवायचे. २५० ग्रॅम चणे रात्रभर भिजवून ताज्या पाण्यात अर्धा लहान चमचा सोडा घालून कुकरमध्ये इतके मऊ करावेत, की दोन बोटांत विनासायास चिरडले जातील. वर आलेली साले काढावीत. चणे गरम असतानाच मिक्सरमध्ये एकटे वाटावेत, मग पाऊण कप कच्ची ताहिनी, दोन लिंबांचा रस, एक लसूण पाकळी, मीठ आणि गरजेपुरते बर्फाचे पाणी घालून पाच मिनिटे फिरवावे. वाटताना तेल घालू नये. ऑलिव्ह तेल वरून ओतायचे असते. पसरट ताटलीत चमच्याच्या पाठीने गोल खळगा करून त्यात थोडे अख्खे चणे, तेल, जिरेपूड आणि तिखट घालावे. हुमूस चमच्याने खात नाहीत. हिब्रूत त्यासाठी ‘पुसणे’ या अर्थाचे क्रियापद वापरतात, कारण पिटाच्या तुकड्याने ताटली पुसत जायचे असते. कच्च्या कांद्याची पाकळीही त्याच कामाला घेतात.

बुरेकास

चहाबरोबरच्या या खाऱ्या खाऊला पदर सुटणारी पफ पेस्ट्री लागते. तयार गोठवलेला पत्रा मिळतो. ओळखीची बेकरी असल्यास खारीची न भाजलेली पट्टी मागून पाहावी. ४०० ग्रॅम पेस्ट्रीसाठी ३०० ग्रॅम उकडलेला बटाटा, तेलात तांबूस परतलेला एक कांदा, मीठ, भरपूर मिरपूड आणि चिमूटभर जायफळ एवढे सारण पुरे. हळद आणि मोहरी घातली, तर तो बटाटावड्याचा भाऊ होईल. दहा सेंटिमीटरचे चौकोन कापून मध्ये एक मोठा चमचा सारण ठेवावे, कडांना पाणी लावून दुमडावे, वरून फेटलेले अंडे किंवा दूध लावून तीळ भुरभुरावेत. घडी केल्यावर वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवल्यास पदर नीट सुटतात. २०० अंशांवर बावीस ते पंचवीस मिनिटे भाजावे.

इस्रायलमध्ये साधारणपणे त्रिकोणी बुरेकास चीजचे आणि चौकोनी बटाट्याचे असतात. ज्यू आहारनियमांप्रमाणे दूध आणि मांस एकत्र खात नाहीत, त्यामुळे आत काय आहे हे आकारावरूनच कळणे सोयीचे पडते. बरोबर किसलेला टोमॅटो, खारवलेली काकडी आणि उकडलेले अंडे देतात.

बाम्बा, बिया आणि लिमोनाना

पाकिटातल्या खाऊत मक्याच्या कुरकुरीत फुग्यांच्या बाम्बाला तोड नाही. ओसेम कंपनीने १९६४ मध्ये तो चीजच्या चवीचा आणला, तेव्हा तो चालला नाही. दोन वर्षांनी शेंगदाण्याची चव दिल्यावर घराघरांत पोचला. आतले मक्याचे फुगे यंत्राच्या दाबाखाली तयार होतात, ते घरी होत नाहीत. मात्र बिनमसाल्याचे मक्याचे पफ ६० ग्रॅम घेऊन, तीन मोठे चमचे बिनसाखरेचे पीनट बटर एक चमचा तेलाबरोबर गरम पाण्यावर पातळ करून त्यांवर ओतावे, मीठ घालून हलक्या हाताने घोळवावे आणि १२० अंशांवर पंधरा मिनिटे वाळवावे. पूर्ण थंड झाल्यावरच ते कुरकुरीत होतात.

या खाऊला वैद्यकशास्त्रातही स्थान आहे. इस्रायली बाळांना तो फार लवकर मिळतो, आणि ब्रिटनमधील ज्यू मुलांपेक्षा इस्रायलमधल्या मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी दहापट कमी आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून ब्रिटनमध्ये ६४० बाळांवर चाचणी झाली आणि लहान वयापासून शेंगदाणा दिल्यास अ‍ॅलर्जीचे प्रमाण पुष्कळ घटते, असा निष्कर्ष २०१५ मध्ये समोर आला. ज्या बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्याला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

सामना पाहताना तिकडे सालासकट सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतात. २५० ग्रॅम बिया एक लिटर पाण्यात चार मोठे चमचे मीठ घालून पंधरा मिनिटे उकळाव्यात, रात्रभर त्याच पाण्यात ठेवून निथळाव्यात आणि १७० अंशांवर अर्धा तास, मधूनमधून हलवत, भाजाव्यात.

प्यायला लिमोनाना करावे. ‘लिमोन’ म्हणजे लिंबू आणि ‘नाना’ म्हणजे पुदिना. आपल्याकडच्या कोणत्याही नानांचा त्याच्याशी संबंध नाही. अर्धा कप लिंबाचा रस, अर्धा कप साखर, दोन कप पाणी, पुदिन्याची पंचवीस-तीस पाने आणि तीन कप बर्फ मिक्सरमध्ये फिरवून लगेच प्यावे. थांबल्यास पुदिना काळा पडतो.

उरलेले ठेवताना

अंबा कोरड्या चमच्याने काढल्यास फ्रीजमध्ये तीन आठवडे टिकतो. स्खुगवर तेलाचा पातळ थर ठेवून तो फ्रीजमध्येच ठेवावा आणि आठवड्यात संपवावा. पाणी घातलेली ताहिनी तीन-चार दिवस चालते व फ्रीजमध्ये घट्ट होते; वाढण्यापूर्वी दोन चमचे पाणी फेटून घ्यावे. कच्ची ताहिनी मात्र महिनाभर बाहेर राहते आणि तिचे तेल वर येते, ते ओतून न देता तळापासून ढवळावे. फलाफलचे वाटण सोडा न घालता गोठवता येते. तळलेले फलाफल दुसऱ्या दिवशी परत तळण्यापेक्षा कुस्करून, गार पिटात अंब्यासह खावे.